पळीभर तेलाची लढाई

माझ्या घरी टीव्ही बघायला येणारी माणसं एका रविवारी एकदम यायची बंद झाली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तोवर दर रविवारी साडेआठपासूनच आमच्या पुढच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग लागायचा. धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या गल्लीत, तेव्हा दोनच टीव्ही होते. एक माझा, वीस इंची, सरकत्या लाकडी दारांचा. दुसरा समोरच्या गनीभाई शिंप्याचा, चौदा इंची, ज्यातलं चित्र मनात येईल तेव्हा खालून वर पळत सुटायचं. साहजिकच 'रणधवल' ही ऐतिहासिक मालिका बघायला अख्खी गल्ली माझ्याकडे. बाराव्या शतकातला राजा रणधवल, त्याचा जिवाला जीव देणारा सेनापती भीमकेतू, आणि डोळ्यांत काजळ घालून सारखा हसणारा एक दुष्ट प्रधान. असा राजा खरोखर होऊन गेला की नाही, हाच मुळात प्रश्न होता. मी शाळेत इतिहास शिकवतो. मी तो प्रश्न पहिल्या भागात पहिल्याच मिनिटाला उपस्थित केला.

"श्शू!" भिकुअक्का म्हणाल्या.

भिकुअक्का म्हणजे आमच्या गल्लीतलं सर्वात वडीलधारं माणूस. त्यांच्या 'श्शू'ला कुत्रीसुद्धा थांबतात. पण चुका डोळ्यांदेखत घडत असताना इतिहासाच्या शिक्षकाने गप्प बसायचं कसं? राजाच्या राजधानीत भाजीबाजार भरलेला, आणि त्यात टोमॅटोचे ढीग! मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "टोमॅटो पोर्तुगीजांनी आणला! अजून चारशे वर्षं अवकाश आहे!" पुढच्या आठवड्यात राणी विरहात मक्याचं कणीस खात बसलेली. मका अमेरिकेचा. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका भालेवाल्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा वळ दिसला. मी एक शंभर पानी वही केली. डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती. लोकांना कळावं म्हणून जाहिराती चालू असताना मी ती मोठ्याने वाचून दाखवायचो. लोक टक लावून जाहिराती बघायचे, तेव्हा मला वाटायचं, संकोचतात बिचारे.

शेवटी भीमकेतू पडला. छातीत बाण, डोकं रणधवलच्या मांडीवर. राजाचे अश्रू सेनापतीच्या कपाळावर पडताहेत, खोलीत पस्तीस माणसं हुंदके देताहेत, गनीभाईंच्या जैनबभाभींनी ओढणी तोंडात कोंबलेली. आणि मी म्हणालो, "त्या तंबूच्या भोकांना पितळी कड्या आहेत बघा. मशीनच्या."

भाग संपला, लोक उठले, आपापल्या चपला शोधून गेले. मला वाटलं, दुःखात आहेत.

पुढच्या रविवारी चपलांचा ढीग समोरच्या ओट्याखाली होता.

मी, माझा वीस इंची टीव्ही आणि आमची सौभाग्यवती प्रमिला असे तिघेच राहिलो. तीही सव्वानऊला म्हणाली, "अहो, जरा जैनबभाभींकडून साखर घेऊन येते." ती तासाने आली. साखर आणली नव्हती, आणि डोळे लाल होते.

मान-अपमानाचं मला काही नाही. पण पळत्या चित्राचा चौदा इंची टीव्ही लोकांना चालतो आणि माझं ज्ञान चालत नाही, हा इतिहासाचा अपमान होता. त्यामुळे पुढच्या रविवारी मी एक जुनी पॅंट कमरेत सैल करायला म्हणून गनीभाईंकडे गेलो. वेळ सकाळी सव्वानऊची निवडली, हा योगायोग.

दारातच भिकुअक्का. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर, बठ. पन तोंड उघाडू नको."

"अहो अक्का, पण ते सगळं खोटं दाखवतात."

"आम्हले ठाऊक शे खोटं शे," अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "खोटं शे म्हनीसन तं दखतस. खरं दखानं व्हतं तं घरमा काय कमी शे का?"

बठ्ठी खोली हसली. हो, माझ्या मनातसुद्धा तेव्हा 'बठ्ठी'च आलं. आमच्या भागात 'सगळी' म्हणून इतका अपमान होत नाही. त्यात आमचा एस.टी. कंडक्टर हिलालभाऊ, म्हणजे रोज धुळे-पिंपळनेर गाडीवर साठ माणसांना एका आवाजात गप्प करणारा गडी, तो म्हणाला, "सर, मना ऐका. मी दिवसभर खरी मानसं दखस. रविवारी एक तास राजा दखू द्या ना."

"राजा बघा, पण खरा बघा!" मी म्हणालो. "खरा इतिहास यापेक्षा शंभरपट रंजक असतो!"

"मंग तूच करी दखाड!" अक्का म्हणाल्या. "गनपतीमा नाटक कर. खरंखुरं. आम्ही बठ्ठा येसूत."

चारचौघांत आव्हान मिळाल्यावर मी मागे हटणारा नव्हे. हटलो असतो तर फार बरं झालं असतं, हे प्रमिलेचं मत नंतरचं.

गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष रुपचंदशेठ. त्यांचं कोपऱ्यावर किराणा दुकान. ते म्हणाले, "नाटक कराच सर. पण एखादा घोडा घाला." मी म्हणालो, घोडा नाही. "मग एखादं लावणीसारखं?" लावणी तर नाहीच, तो काळ वेगळा. दुसऱ्याने भूत सुचवलं, तिसऱ्याने नरडाण्याच्या मेव्हण्याकडे धुराचं मशीन असल्याचं सांगितलं. पिंपळनेरला लग्नात भाड्याने देतात ती घोडी हिलालभाऊ गाडीमागे बांधून आणायला तयार होता. मी प्रत्येकाला समजावलं आणि प्रत्येकजण रागावून गेला. पुढे नाटकात काम करायला माणसं कमी पडली, त्याचं मूळ या समजावण्यात आहे.

मी पंधरा दिवस बसून नाटक लिहिलं. विषय आपल्याच खानदेशातला. एका जुन्या शिलालेखावरून घेतलेला. एक मांडलिक राजा एका मठातल्या शाळेला दान देतो. किती सुंदर विषय! रणधवलसारखा हवेतला नाही, दगडावर कोरलेला. पहिल्या अंकात मांडलिक दान द्यायचं ठरवतो. दुसऱ्या अंकात दानाची यादी वाचली जाते. तिसऱ्या अंकात ती दगडावर कोरली जाते.

पहिल्या वाचनाला हिलालभाऊने विचारलं, "लढाई कोनत्या अंकात शे?"

"लढाई नाही."

"राणी?"

"लेखात राणीचा उल्लेख नाही."

"कोणी मरत तरी असेल," रुपचंदशेठ म्हणाले.

"कोणीही मरत नाही. दान देतात आणि सगळे घरी जातात."

हिलालभाऊने शेवटचं पान उलटून बघितलं. मग गनीभाईंनी हळूच विचारलं, "यादीत काय काय आहे, सर?"

"प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळीभर तेल," मी म्हणालो. आठशे वर्षांपूर्वी पोरांनी दिव्याखाली अभ्यास करावा म्हणून कोणी घाण्यावर पळीभर तेल काढून ठेवत असेल, हा विचारच मला हलवून टाकतो. पण ते इतरांना सांगायचं मला सुचलं नाही. मी तळटीप वाचायला घेतली.

कपड्यांचा प्रश्न आला. गनीभाई आनंदाने टेप घेऊनच आले होते. त्यांच्या डोक्यात जांभळी मखमल, जरीचे काठ, खांद्यावर झुपके असं बरंच काही तयार होतं. मी सांगितलं, त्या काळी आपल्याकडे बहुतेक न शिवलेलं वस्त्र वापरत. खाली धोतर, वर उपरणं, संपलं.

गनीभाईंनी टेप गळ्यातून काढला आणि गुंडाळला. "बिना सिलाई?"

"बिना सिलाई."

"तो सर, मैं इस नाटक में हूँ किसलिए?"

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. चाळीस वर्षं शिवणारा माणूस. पण इतिहासापुढे दयामाया नसते. मी त्यांना पडदा ओढायचं काम दिलं.

हिलालभाऊने मांडलिकाचं काम घेतलं, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज त्याच्याकडेच होता. पण उघड्या अंगाने स्टेजवर यायचं म्हटल्यावर तो अडला. शर्ट काढून दाखवलं तेव्हा कारण कळलं. कंडक्टरची कातडी पिशवी वीस वर्षं अडकवून त्याच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका पट्टा उमटला होता. घड्याळाच्या वळावरून भालेवाल्याची चूक काढणारा मी. आता माझ्या मांडलिकाच्या अंगावर परिवहन महामंडळ! शेवटी त्याला उपरणं तिरकंच बांधायला लावलं.

दुसऱ्या अंकात मेजवानी होती. ती खरी हवी म्हणून मी प्रमिलेला यादी दिली. मिरची नको, बटाटा नको, टोमॅटो नको, शेंगदाणा नको. हे सगळं नंतर आलेलं. भिकुअक्का मदतीला आल्या होत्या. त्यांनी यादी ऐकली आणि परात खाली ठेवली.

"मिरची नही? शेंगदाना बी नही?"

"नाही अक्का. मिरे होते."

"मंग त्या लोके जगत कसा व्हतात?" त्या खरोखर कळवळल्या. संध्याकाळी त्यांनी देवापुढे त्या आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांसाठी हात जोडले, असं प्रमिला सांगते.

नाटकाला परवानगी लागते. त्यासाठी मी एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाबूंनी मला चहा पाजला होता.

"नाटक कसलं?" बाबूंनी विचारलं.

"शुद्ध ऐतिहासिक."

"राजा आहे?"

"मांडलिक आहे."

"मग वारसांचं ना-हरकत पत्र जोडा."

"अहो, आठशे वर्षं झाली त्याला."

"वारस नसल्यास तसा दाखला. तो त्या गावच्या तलाठ्याकडे मिळेल."

मी एस.टी.ने शिलालेखाच्या गावी गेलो. तलाठी सज्जन माणूस. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "मयत कोणत्या साली?" मी म्हणालो, अंदाजे बाराशे पंधरा. त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "एकोणीसशे पंधरा?" मी म्हणालो, बाराशे. त्यांनी दप्तर मिटलं आणि मला विहिरीचं थंड पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलत होते.

परत कचेरीत. पुन्हा परत. शाळेतल्या तीन किरकोळ रजा संपल्या. चौथ्या फेरीला बाबूंनाच माझी दया आली. खुर्ची जवळ ओढून ते म्हणाले, "सर, सरळ मार्ग सांगू? 'काल्पनिक' लिहा. काल्पनिक राजाला वारस लागत नाही, दाखला लागत नाही, काहीच लागत नाही. सही करा, आत्ता शिक्का मारतो."

"पण ते खरं आहे!"

"असेल हो. पण खऱ्याला फार कागद लागतात."

गणपती पाच दिवसांवर आले होते. मांडव उभा राहिला होता. मी, नेरकर मास्तर, ज्याने शंभर पानी वही भरली, त्या मी 'सदर नाटकातील सर्व पात्रे व प्रसंग पूर्णपणे काल्पनिक असून त्यांचा इतिहासाशी काडीमात्र संबंध नाही' या वाक्याखाली सही केली. 'काडीमात्र' हा शब्द गाळता येईल का, असं मी विचारून पाहिलं. छापील होता.

"आणि हे सुरुवातीला माइकवरून वाचायचं," बाबू म्हणाले. "अट आहे."

प्रयोगाच्या संध्याकाळी सातला मांडव भरला. पलीकडच्या दोन गल्ल्याही आल्या होत्या. पुढे सतरंजीवर भिकुअक्का आणि त्यांची बायकांची फौज. मी स्वतः मठातल्या आचार्यांच्या वेषात, पांढरी दाढी लावून, माइकवर ते निवेदन वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्याने मी चुकून खूश झालो.

पहिला अंक वीस मिनिटांचा होता. बाराव्या मिनिटाला पुढची बाळं रडू लागली, पंधराव्या मिनिटाला मोठी माणसं ती बाळं घेऊन बाहेर जाऊ लागली. एकेका बाळामागे चार-चार मोठी माणसं. हिलालभाऊ सिंहासनावरून म्हणत होता, "हे आचार्य, विद्येसारखे दुसरे धन नाही," आणि समोरची सतरंजी उसवल्यासारखी रिकामी होत होती.

"लढाई कवय शे?" भिकुअक्कांनी खालून मोठ्याने विचारलं. हिलालभाऊचं पुढचं वाक्य त्याबरोबर गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ओठ हलवले, त्याला कळेना. दरबारी लोक दाटीवाटीने उभे होते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं निघतं. तो गरजला, "पुढे सरका! पुढे सरका! मधे जागा शे!"

दरबार पुढे सरकला. मांडवात पहिल्यांदा हशा झाला.

मी दाढीच्या आत घामाघूम झालो. दुसरा अंक लागला. रुपचंदशेठ प्रधान होते. त्यांनी ताडपत्र उलगडलं आणि दानाची यादी वाचायला लागले. "गोणीमागे मूठभर धान्य. घाण्यामागे पळीभर तेल." इथे मी आदराने लाकडी पळी वर धरली. शेठ पुढे वाचणार एवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने ताडपत्र उडालं. पण शेठ जन्मभर किराणा विकलेला माणूस. न डगमगता ते पुढे बोलत गेले, "साबुदाणा, हळकुंड, उदबत्ती, खोबरेल, डालडा..."

"डालडा!" मी किंचाळलो. आचार्यांच्या तोंडी ते वाक्य नव्हतं.

लोक पोट धरून हसत होते. बाहेर गेलेले परत येऊ लागले. शेठ गोंधळून मागे सरकले आणि त्यांचा धक्का शिलालेखाला लागला. प्लायवूडचा, सात फुटी, माझ्या हाताने अक्षर न अक्षर रंगवलेला. तो आधी विचार केल्यासारखा थांबला, मग सावकाश माझ्या डोक्यावर आला. दाढी एका कानाला लटकली. मांडवात जो गदारोळ झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही.

मी इशारा केला, पडदा टाका. गनीभाईंनी पडद्याची दोरी हातातून सोडली खरी, पण पडदा टाकला नाही. ते स्वतःच बाहेर आले.

आणि काय आले! जांभळी मखमल, जरीचे काठ, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्याला तुरा, डोळ्यांत काजळ. हे सगळं त्यांनी महिनाभर कोणालाही न सांगता शिवलं होतं. हातात शाळेच्या संचलनातल्या दोन लाकडी तलवारी, चांदीचा कागद लावलेल्या. एक त्यांनी हिलालभाऊकडे फेकली आणि मांडव दणाणेल असे हसले.

"राजा! ही पळी मला दे, नाहीतर मरायला तयार हो!"

मांडव शिट्ट्यांनी भरून गेला. हिलालभाऊचं उपरणं कधी गळलं त्याला कळलं नाही. छातीवरच्या त्या तिरक्या पट्ट्यासह तो सिंहासनावरून उडी मारून उतरला. "माझ्या राज्यातल्या थेंबभर तेलाला हात लावशील तर!" तलवारी खडखडल्या. शेठ मेजवानीच्या चौरंगाआड गेले. तिथून मेजवानीतले लाडू बाहेर फेकायला लागले, ते कोणाच्या बाजूने हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मधोमध उभा होतो. एका हातात पळी, एका कानाला दाढी. थांबवायला हवं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, "रसिकहो, क्षमा करा, हे मूळ संहितेत नाही." मी माइककडे वळलो आणि समोर पाहिलं. चारशे चेहरे. तोंडं उघडी, डोळे चमकणारे. जैनबभाभींनी प्रमिलेचा हात घट्ट धरलेला. भिकुअक्का गुडघ्यांवर उठून बसल्या होत्या. वीस वर्षं मी वर्गात उभा राहतोय. असे डोळे मी फळ्यासमोरून एकदाही पाहिले नव्हते.

"सर," गनीभाई लढता लढता कुजबुजले, "कुछ तो बोलो."

मी दाढी सरळ केली.

"थांब, दुष्टा!" मी ओरडलो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "ही पळी साधी नाही! यातल्या तेलावर शंभर पोरं दिव्याखाली बसून शिकतात! ही घेऊन जाशील तर आधी माझ्या प्रेतावरून जावं लागेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पळी घेऊन लढाईत उडी घेतली. आचार्य लढत असल्याचा उल्लेख कोणत्याही लेखात नाही, हे मला ठाऊक आहे. मला त्या वेळीही ठाऊक होतं. लढाई वीस मिनिटं चालली. मी दोनदा मेलो आणि दोनदा उठलो, कारण लोकांनी उठवलं. शेवटी गनीभाईंनी तलवार टाकली, जरीचे हात जोडले आणि म्हणाले, "आचार्य, माझ्याही मुलांना शाळेत घ्या." हे कोणी लिहिलं नव्हतं. मी पळी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात कोणीतरी आठवणीने पडदा टाकला.

त्यानंतर दोन दिवस माझ्या हाताचं एक बोट सुजलेलं होतं. गल्लीत मात्र सगळे मला थांबवून बोलत होते. "सर, ते पळीभर तेल खरंच द्यायचे का हो?" चौथीतल्या मुलींपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी हे विचारलं. मी हो म्हणालो. खरंच द्यायचे. ही एक गोष्ट आमच्या नाटकात खरी होती आणि नेमकी तीच सगळ्यांच्या लक्षात राहिली होती. हा काय प्रकार आहे ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. प्रमिला एवढंच म्हणाली, "अहो, तुम्हाला इतकं छान खोटं बोलता येतं, हे लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं."

रविवार आला. आमचा टीव्ही बघायला कोणी आलं नाही, आणि मीही लावला नाही. सव्वानऊला मी आणि प्रमिला समोर गेलो. पॅंट वगैरे काही न नेता. मला सतरंजीवर पुढे जागा दिली. भीमकेतू बाणाच्या जखमेतून उठून परत आला होता, दुष्ट प्रधानाने राजाला विषाचा पेला दिलेला, राजा तो ओठाशी नेतोय, भीमकेतू घोड्यावरून वाऱ्यासारखा येतोय. मी मांडीखालची सतरंजी मुठीत धरली होती.

आणि लाइट गेली.

अशी हाय खाल्लेली खोली मी पाहिली नाही. पंखा थांबला, पडद्यावरचा ठिपका विझला, जैनबभाभींच्या तोंडून "या अल्ला" निघालं. हिलालभाऊ वायरमनच्या कुळाचा उद्धार करायला लागला.

"मास्तर," भिकुअक्का माझ्याकडे वळल्या. "तू इतिहासना मानूस शे. सांग ना. पेला पिना का तो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. असा राजा झालाच नाही, हे मी सांगू शकलो असतो. मी घसा साफ केला.

"पेला ओठाला लागला," मी म्हणालो. "तेवढ्यात बाहेरून टापांचा आवाज आला. राजाने मान वर केली..."

मग मी थांबलोच नाही. भीमकेतूने घोड्यासकट खिडकीतून उडी मारली. राणीने बांगडी फेकून पेला उडवला. विष जमिनीवर सांडलं तिथली फरशी काळी पडली. प्रधान भुयारातून पळाला, भुयारात पाणी शिरलं, पाण्यात मगरी. हिलालभाऊ दाराला टेकून उभा होता, त्याची ड्यूटीची वेळ होत आली होती. मी प्रधानाला मगरीच्या तोंडाशी आणून ठेवलं आणि लाइट आली.

टीव्ही गरगरला. चित्र दोनदा खालून वर पळालं, मग स्थिर झालं. पडद्यावर राजा, प्रधान आणि भीमकेतू एकत्र बसून शांतपणे जेवत होते. पेल्यात दूध होतं म्हणे, सगळा गैरसमज होता.

भिकुअक्कांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"बंद करा ते!" त्या कडाडल्या. "काय बी चुकीनं दखाडतस! असं व्हयनंच नही! मगर कोठे गयी?"

"असू द्या हो अक्का," मी म्हणालो. "बघू द्या ना जरा. मजा येतेय."